पाच सेकंद चालणारा ट्रक

बल्गेरियातल्या गाब्रोवो ते सेव्लिएवो या रस्त्यावर रादोय केहायोवने एकोणतीस वर्षं बस चालवली. त्या रस्त्यावरचा खड्डा न खड्डा त्याच्या पाठीला ठाऊक होता. मागच्या ऑक्टोबरात डेपोत कॉफी पिता पिता तो एकाएकी खाली कोसळला, हातपाय झाडू लागला, आणि डोळे उघडले ते इस्पितळातच. डॉक्टरांनी फीट आली म्हणून सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. पाठोपाठ लायसन्स गेलं.

गोळ्यांनी तो बरा झाला, पण नुसता घरात बसून राहू लागला. बायको मिंका कापडाच्या गिरणीतल्या कामावरून परत यायची, तेव्हा हा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून खालच्या रस्त्यावरची बस बघत असायचा.

"वेळेवर आहे का तुझी लाडकी?" ती विचारायची.

"तीन मिनिटं उशीर," तो मान न वळवता सांगायचा.

जूनमध्ये त्याने एक जाहिरात वाचली. रिमोटवर चालणारा ट्रक, वापरलेला. बॅटरीवरचा नव्हे, खऱ्या इंजिनाचा, नायट्रोचं इंधन पिणारा. हातभर लांब. 'शेवटचा चालवला तेव्हा मस्त चालत होता,' असं खाली लिहिलं होतं. रादोयने फोन करून तो मागवून घेतला. आयुष्यभर इंजिनाशीच संसार केला, एवढंसं इंजिन काय अवघड आहे, असा त्याचा हिशेब.

इमारतीमागच्या गॅरेजमध्ये त्याने खोकं उघडलं. सोबत अर्धी बाटली इंधन होतं, ते टाकीत भरलं. इंजिनाच्या डोक्यात बोटाच्या पेराएवढा ग्लो प्लग असतो, त्यावर बॅटरीची कांडी बसवली की आतली तार तापते आणि मग इंजिन फिरवायची दोरी ओढायची. त्याने ओढली. दहा वेळा, वीस वेळा. पंचविसाव्या झटक्याला इंजिन चरचरून किंचाळलं. रादोयचं तोंड उजळलं. त्याने कांडी काढली आणि पाच सेकंदांत इंजिन मेलं.

चार दिवस हेच. चालू व्हायचं, कांडी काढली की मरायचं. शेजारचा पेटको येता-जाता दारात थांबायचा.

"काय रे रादोय, बस धुवायला टाकली होतीस का? पार आटली की!"

"तुझी जीभही टाक एकदा धुवायला," रादोय म्हणायचा, पण त्याचं लक्ष नसायचं.

पाचव्या दिवशी दोरीच अडकली. ओढू म्हटलं तर हलेना. तळहाताची साल निघाली होती. रादोयने ट्रक स्टुलावर आदळला आणि विकणाऱ्याला फोन लावला.

"फसवलंत तुम्ही मला! मस्त चालतो म्हणे!"

 पलीकडून एक सावकाश, म्हातारा आवाज म्हणाला, "घेऊन या. फसवलं असेल तर परत घेतो. सेव्लिएवोत नदीकडच्या गल्लीत, हिरवं फाटक. बोगोमिल म्हणून विचारा."

मिंकाने ऐकलं होतं. "जा ना मग," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे."

"जाऊ कसा?"

"कसा म्हणजे? बसने."

 आजारी पडल्यापासून तो त्या बसमध्ये चढला नव्हता.

रविवारी सकाळी तो खोकं छातीशी धरून चढला आणि खाली मान घालून सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला. गाडीवर यावोर होता. त्याला गाडी शिकवली होती रादोयनेच. यावोरने आरशात पाहिलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला, "रादोयकाका! मागे काय चोरासारखे बसलात? या पुढे!"

प्रवाशांनी माना वळवल्या. जाणं भाग होतं. रादोय पुढच्या बाकावर बसला, खोकं मांडीवर. घाटातल्या दुसऱ्या वळणाला त्याचा उजवा पाय आपसूक, ब्रेक दाबल्यासारखा, खाली गेला. त्याने चोरून यावोरकडे पाहिलं.

"मीपण दाबला, काका," यावोर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तिथेच दाबायला शिकवलंत ना."

रादोयला खिडकीबाहेर बघावं लागलं.

हिरवं फाटक उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका बारीक माणसाने. त्याचे दोन्ही हात खिशात होते. भांडायची सगळी वाक्यं रादोयने बसमध्ये जुळवून ठेवली होती. पण म्हाताऱ्याने हात मिळवायला उजवा हात बाहेर काढला आणि तो हात वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता.

"मी खोटं लिहिलं नव्हतं," बोगोमिल म्हणाला. "चार वर्षांपूर्वी मस्तच चालत होता. मग हे सुरू झालं. लेथवर चाळीस वर्षं केसाएवढ्या मापाने काम केलं या हातांनी. आता सूपही सांडतं."

 रादोय म्हणाला, "माझं लायसन्स गेलं. फीट येते. आपण दोघंही भंगारातच म्हणायचे."

"भंगारातून सुटे भाग निघतात," बोगोमिल म्हणाला. "ठेवा त्याला टेबलावर. तुम्ही हात चालवा, मी सांगतो."

अंगणातल्या टेबलावर काम सुरू झालं. बोगोमिलने आधी ग्लो प्लग खोलायला लावला. ट्रक उलटा धरून दोरी ओढली तशी भोकातून इंधनाची चूळ उडाली, थेट रादोयच्या सदऱ्यावर.

"बुडवलं होतंत त्याला," बोगोमिल म्हणाला. "पोटात इतकं इंधन साचल्यावर दोरी हलणार कशी? बरं झालं जोर नाही केलात. पिस्टनचा दांडाच वाकला असता."

"जोर केला थोडा."

"थोडा म्हणजे बस ड्रायव्हरचा थोडा ना?"

मग प्लग कांडीवर लावून पाहिला. तार जेमतेम लालसर झाली. चांगली असती तर नारिंगी पेटली असती. "म्हणून कांडी काढली की मरत होता," बोगोमिलने सांगितलं. "स्वतःच्या बळावर तापच धरत नाही. आणि हे इंधन ओता बाहेर. चार वर्षांत ओल धरली असेल याने. चूक माझी, ते द्यायलाच नको होतं."

त्याच्याकडे नवा प्लग होता, न उघडलेली एक बाटली होती. सहाव्या झटक्याला इंजिन लागलं. रादोयने श्वास रोखून कांडी काढली. पाच सेकंद गेली. दहा गेली. इंजिन चालूच. पण कुणी हात न लावता ते मधेच चढायचं, मधेच उतरायचं.

बोगोमिलने डोळे मिटून मान कलती केली. "हवा खातोय कुठूनतरी. नळी बघा."

रादोयने इंजिन बंद करून टाकीची नळी बोटांत फिरवून पाहिली. टोकाशी केसभर चीर होती, वाकवल्याशिवाय दिसणारी नाही. तेवढं टोक कापून टाकलं, नळी पुन्हा बसवली. मग बोगोमिलने हवा-इंधनाच्या मिश्रणाचा स्क्रू थोडा सैल करायला लावला. "इंधन थोडं जास्तच जाऊ दे. निळा धूर दिसला पाहिजे. धूर नसला की समजायचं, जळायला निघाला."

या वेळी इंजिन एका सुरात गुणगुणलं. मागे निळी रेघ उठली.

रादोयने रिमोट घेतला. ट्रक अंगणातून सुसाट सुटला, वळला आणि त्याच्याकडेच तोंड करून आला. समोरून येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं. एकोणतीस वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरने बरोबर उलटीकडे चाक फिरवलं. ट्रक घेवड्याच्या काठ्यांत घुसून आडवा झाला.

बोगोमिल हसता हसता बाकावर टेकला. "एकोणतीस वर्षं! आणि प्रवासी जिवंत राहिले?"

"प्रवाशांकडे तोंड करून कधी चालवली नव्हती!" रादोयही हसू लागला. कितीतरी महिन्यांनी त्याला इतकं हसू आलं होतं.

तासाभराने त्याने रिमोट म्हाताऱ्यापुढे धरला. बोगोमिलने हात खिशात घातले.

"नको. आपटेन."

"चाक मी धरतो. वेगाचा खटका तुम्ही दाबा. बघू तर."

दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, एकच रिमोट दोघांच्या हातात. म्हाताऱ्याचं बोट खटक्यावर थरथरायचं आणि ट्रक उचकी लागल्यासारखा धक्के खात पुढे जायचा. तरी त्यांनी त्याला चेरीच्या झाडाभोवती तीन फेऱ्या मारवल्या. तिसऱ्या फेरीनंतर बोगोमिलने बाहीने नाक पुसलं.

पाचची बस कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. साडेपाचला मिंकाचा फोन आला.

"मग? परत दिलास का त्याला?"

रादोयने टेबलाकडे पाहिलं. टाकी रिकामी करून ट्रक उलटा ठेवला होता आणि बोगोमिल जुन्या दात घासायच्या ब्रशने त्याच्या चाकांतला चिखल काढत बसला होता. त्या कामाला थरथरता हात उलट सोयीचाच होता. ब्रश भराभर चालत होता.

"नाही दिला," तो म्हणाला. "ऐक ना, पुढच्या रविवारी तूपण चल. चीजची बानित्सा भाजून घे, मोठी. एकटाच असतो हा माणूस."

"आणि ट्रक? चालला का शेवटी?"

"चालला गं. घेवडा झोपवला त्याने त्यांचा. त्या काठ्या पुन्हा रोवायच्यात आता, म्हणून सातच्या बसने येतो."