दहा मिलिमीटरचा सूड

“राइली, तुला जे लोक आवडत नाहीत त्यांचे पासपोर्टचे फोटो तू मुद्दाम वाईट काढतेस, हे खरं का?”

विचारून टाकलं! दुकानाच्या काचेबाहेर माझ्या मैत्रिणी मिन्तू आणि रोन्या लोकरीच्या टोप्या तोंडात कोंबून हसत होत्या. ‘तुझी हिंमतच नाही’ असं त्या आठवडाभर म्हणत होत्या ना, घ्या आता!

राइली माक्कोनेन चाळीस वर्षं आमच्या गावातल्या एकुलत्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. गावातला प्रत्येक पासपोर्ट आणि प्रत्येक लायसन्सवरचा चेहरा तिच्या हातून गेलाय. आमच्याकडे मुख्याध्यापकांनाही ‘तू’च म्हणतात, पण राइलीला तू म्हणताना जीभ जरा अडखळतेच.

तिनं शांतपणे चष्मा पुसला.

“सगळ्यांचे नाही,” ती म्हणाली. “एकाचाच.”

“एकाचा?!”

“मी फक्त म्हणते, ‘हनुवटी जरा खाली.’ तो खाली घेतो. मग एका हनुवटीच्या दोन होतात. दर पाच वर्षांनी. आता सांग, तू कशाला आलीस?”

मी आले होते सूड घ्यायला. साधासुधा नाही, भिंतीवर टांगता येईल असा सूड!

झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी आमच्या फोटो मंडळात अध्यक्ष तैस्तोनं माझा बसथांब्याचा फोटो पडद्यावर लावला आणि विचारलं, “हा कुठल्या कॅमेऱ्यानं काढलास?” मी सांगितलं. क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, सेकंडहँड, उन्हाळाभर स्ट्रॉबेरी खुडून घेतलेला. तो म्हणाला, “पोरी, त्यातला सेन्सर पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. त्यानं फोटो काढत नाहीत, तो पाकिटाला चिकटवतात.” सगळे हसले. मीही हसले. स्वतःच्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो. वर माझे बाबा तैस्तोच्याच बोटींच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे आमच्या घरी त्याचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली येतात.

आणि मग, सगळ्यांचं हसून झाल्यावर, मंडळाच्या पन्नास वर्षांनिमित्तचा समूहफोटो त्यानं माझ्याच गळ्यात घातला. “बघू तरी तिकिटावर किती जण मावतात!”

मंडळाची खोली म्हणजे ग्रंथालयाचं तळघर. लांबट, पण मागे सरायला जेमतेम चार मीटर.

“वाइड लेन्स हवी,” मी राइलीला म्हणाले.

तिनं कपाटातून दोन लेन्स काढल्या. एक जाडजूड, धातूची, ‘२०’ लिहिलेली. ती उचलताच मला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटलं.

“हीच!”

“सगळे हीच म्हणतात. ती मोठ्या सेन्सरसाठी आहे. तुझा सेन्सर तिच्या चित्राच्या कडा कापून टाकणार. वीसची लेन्स तुझ्याकडे येऊन तिसासारखी वागणार. आत्ता तुझ्याकडे आहे ती किती?”

“अठरा.”

“आकडा जितका लहान, तितकं जास्त मावतं. म्हणजे ही भली मोठी घेऊन आहे त्याहून कमीच दिसेल. ठेव खाली.”

दुसरी लेन्स प्लॅस्टिकची, हलकी, बनपावाएवढी. दहा ते अठरा मिलिमीटर. “ही छोट्या सेन्सरसाठीच बनवलेली आहे. चाचणीला ने, सोमवारी परत आण. पण दहावर एक गंमत होते. माझा फोटो काढ. मला कडेला ठेव.”

मी काढला. पडद्यावर दुकान केवढं तरी मोठं झालं होतं आणि कडेला राइलीचं डोकं आडवं ताणलं जाऊन भोपळ्यासारखं झालं होतं!

माझ्या डोक्यात जे पेटलं ते बहुतेक चेहऱ्यावरही दिसलं असावं.

“कोणाला कडेला उभं करणार आहेस?” राइलीनं विचारलं.

“तैस्तोला.”

मला वाटलं, ती रागावेल. तिनं लेन्स पिशवीत घातली आणि म्हणाली, “मंडळातला लाकूड गिरणीच्या आगीचा फोटो पाहिलायस ना?”

तो कोणी पाहिलेला नाही? दारासमोरच टांगलेला आहे. बर्फावर पडलेला आगीचा उजेड, त्यात घोड्याला ओढून बाहेर काढणारा माणूस. खाली पितळी पाटी: ‘१९८८, छायाचित्र तैस्तो’ आणि त्याचं आडनाव.

“तो मी काढलाय,” राइली म्हणाली. “कॅमेरा मंडळाचा होता, गाडी त्याची होती. फिल्म मी इथंच धुतली, फोटो वर्तमानपत्राला नेऊन दिला त्यानं, स्वतःच्या नावावर.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तेवीस वर्षांची होते. वाटलं, तोच दुरुस्त करेल. तोंड उघडायची एक वेळ असते, पिह्ला. ती गेली, की लोक आगीबद्दल विचारत नाहीत. आधी का नाही बोललीस, एवढंच विचारतात.”

बाहेर मिन्तू काचेवर ‘काय म्हणाली?’ असे हातवारे करत होती. मी बाहेर आले आणि ‘काही नाही’ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दोघींना काही सांगितलं नाही.

रविवारी तळघरात अकरा जण जमले. आता आम्ही फिनिश माणसं फोटोला कशी उभी राहतो ते सांगायलाच हवं: बसथांब्यावर राहतो तशी. दोघांमध्ये एक हात अंतर, आणि मध्ये कोणीच नाही. जो तो कडेला सरकतो, जणू मधल्या फरशीला नुकताच रंग दिलाय. खोली लहान म्हणून नव्हे, माणसं जवळ येत नाहीत म्हणून आम्हाला वाइड लेन्स लागते!

मध्ये बिनधास्त गेला तो एकटा तैस्तो. थेट आगीच्या फोटोखाली. आणि पार टोकाला, कॉफीची किटली घेऊन, मंडळाची जुनी सभासद राइली.

मी लेन्स दहावर फिरवून पाहिलं. तैस्तो मध्ये ताठ, देखणा. भोपळा झाला होता राइलीचा. माझा सगळा सूड नेमका तिच्यावर जाऊन बसला होता.

“तैस्तो, तू टोकाला ये,” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला, की मीच दचकले.

“अध्यक्ष मध्ये असतो.”

“वाइड लेन्समध्ये मधली माणसं बुटकी दिसतात. उंच माणूस टोकाला शोभतो.”

धादांत खोटं! पण तैस्तोला स्वतःच्या उंचीचं फार कौतुक. “हां, ते मला माहीतच आहे,” म्हणत तो टोकाला गेला.

“राइली, तू मध्ये.”

“मी नको. मी कॉफी बघते.”

“कॉफी कुठं पळून चाललीय?”

मी तिला दंडाला धरून नेलं. तिनं किटली सोडली नाही. तशीच उभी राहिली, तिच्याच फोटोखाली, तिचं नाव नसलेल्या पाटीसमोर. खटॅक!

सोमवारी शाळा सुटल्यावर धावत दुकानात गेले. राइलीनं फोटो संगणकावर उघडला. काय सांगू! तैस्तोचं डोकं पसरट, कोपर वल्ह्याएवढं, एक कान दुसऱ्याच्या दुप्पट. मी टाळ्या पिटल्या. राइलीही हसली, अगदी डोळे पुसेपर्यंत.

मग तिनं पडद्यावरची एक पट्टी माऊसनं सरकवली. तैस्तो हळूहळू माणसासारखा झाला. तिनं पट्टी परत मागे नेली. पुन्हा भोपळा.

“तू ठरव,” ती म्हणाली. “शनिवारी पन्नाशीच्या समारंभात लोक दोन मिनिटं हसतील. मग केक खातील.”

“आणि तू काय केलं असतंस?”

उत्तर द्यायच्या ऐवजी तिनं पासपोर्टच्या कागदांखालचा खण उघडला आणि निगेटिव्हची एक पट्टी दिव्यावर धरली. सहा चौकटी. तिसरीत घोडा आणि आग. चौथीत, त्याच बर्फावर, मागे तीच आग, आणि पुढे गाडीला टेकून सॉसेज खाणारा एक तरुण उंच माणूस. तैस्तो.

स्वतःचाच फोटो त्यानं स्वतः काढला नसणार, हे मंडळातल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं.

“सदतीस वर्षं?” मी विचारलं.

“रोज खण उघडते. कागद काढते. बंद करते.”

“मी लावू का? शनिवारी? त्या आगीच्या फोटोच्या शेजारी?”

तिनं पट्टी दिव्यावरून उचलली. मग तिनं चौथी चौकट मोठी छापली, कागद उलटा केला आणि मागे पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलं. ‘माक्कोनेन’ लिहिताना एक ‘क’ राहिला. तिनं तो खोडून पुन्हा नीट लिहिला.

मी माऊस घेतला आणि तैस्तोला सरळ केलं. कान, कोपर, सगळं! तो भोपळा राहिला असता, तर लोक म्हणाले असते, पोरीचा चावटपणा आहे, आणि शेजारच्या फोटोवरही तेच म्हणाले असते. मला त्याला हसण्यावारी सुटू द्यायचं नव्हतं. तो अगदी हुबेहूब दिसायला हवा होता.

गुरुवारी घरी नेहमीसारखं वाटाण्याचं सूप होतं. बाबांनी सूपात मोहरीच्या सॉसची नळी पिळली. आईनं विचारलं, “तोंड का असं झालंय?” मी सगळं सांगितलं. फोटो टेबलावर ठेवला.

बाबांनी तो बराच वेळ पाहिला. “ही गाडी मला आठवते,” ते म्हणाले. मग म्हणाले, “सोमवारी मला कारखान्यात त्याच्यासमोर उभं राहायचंय, पिह्ला.”

“माहीत आहे.”

“तैस्तोला आधी एकटं गाठून सांग,” आई म्हणाली. “त्याला स्वतःहून बोलायची संधी दे.”

“त्याला सदतीस वर्षं दिली होती, आई.”

आईनं वाडग्यातलं सूप उगाचच ढवळलं.

मी उभी राहिले. बसून बोलण्यासारखं ते नव्हतंच.

“शनिवारी सगळे जमले, की मी ती पितळी पाटी काढणार आहे. तैस्तो खोलीत असताना, त्याच्या समोर. राइलीच्या नावाची पाटी मी बनवायला दिलीय. बाबा, तू आला नाहीस तरी मी रागावणार नाही. पण मी जाणार आहे.”