टाकीत मीठ घातलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, पोळ्यांच्या डब्याएवढा लहान. शिडाच्या होडीत ओट्याखाली बसायचं आणि टाकीतलं गोडं पाणी नळाला पोहोचवायचं, हे माझं काम. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो, तो मला कळतो आणि मी टकटक करत सुरू होतो. नळ बंद झाला की मी गप्प. एवढंच माझं शिक्षण.

पुण्यात कसली आली शिडाची होडी, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. कर्वेनगरच्या सोसायटीनेही म्हणून घेतलं होतं.

देशाचा बाजार नुकताच जगाला खुला झाला होता. दुकानांत नव्या वस्तू आल्या, तसे जुन्या बाजारात जुन्या वस्तूंचे ढीग वाढले. अशाच एका ढिगात, एका फुटक्या आरशाशेजारी, मी दिगंबररावांना सापडलो. ते पिंपरीच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करत. हात असा, की केसाएवढाही फरक चालायचा नाही. पण कारखान्यात नवी यंत्रं आली आणि त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी," असं ते म्हणायचे.

मग त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होडी बांधायला घेतली. वरच्या मजल्यावरचे तात्याराव येता-जाता थांबायचे.

"काय दिगंबरराव, पानशेत पुन्हा फुटणार अशी काही आतली बातमी आहे का?"

"आहे ना. पण जागा दोनच आहेत."

दुसरी जागा त्यांच्या पत्नीची, पद्मजाबाईंची. आधी खडकवासल्याला होडी तरंगवून बघायची, मग ट्रकवर घालून कोकणात न्यायची आणि दोघांनी समुद्रात जायचं, असा बेत होता. बाईंची अट एकच होती. "मला नळ हवा. तांब्याने पाणी ओतत भांडी घासायला मी काही वनवासाला निघालेली नाही." म्हणून होडीत टाकी आली, नळ्या आल्या आणि मी आलो. खरं सांगायचं तर मी त्यांच्या हौसेचा होतो. हे पुढे मला फार जड गेलं.

होडी पाण्यात उतरली तेव्हा तात्यारावांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पण थोड्याच दिवसांत तळाच्या फळ्यांखाली पाणी दिसलं. दिगंबररावांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.

मित्रांनो, इथेच घात झाला. समुद्रावर असं बोट लावलं की लगेच निवाडा होतो. खारट लागलं तर होडी गळते, गोडं लागलं तर टाकी किंवा नळी. पण खडकवासल्याचं पाणीही गोडं आणि टाकीतलंही गोडं! जिभेने काय सांगावं? दिगंबरराव समजले की आपलीच फळी गळते.

मी सांगत होतो. नळ बंद असतानाही मधूनच टकटक करत होतो, कारण माझ्या मागचा नळीचा सांधा झिरपत होता आणि दाब टिकत नव्हता. "बाजारातला माल, डोक्यात बिघाड आहे याच्या," असं म्हणून त्यांनी माझं बटण बंद केलं. माझा आवाज थांबला. टाकीतलं पाणी मात्र आपल्या वजनाने झिरपतच राहिलं.

दर वर्षी होडी काठावर ओढायची, खरवडायची, फटी भरायच्या, रंगवायची, टाकी भरून पाण्यात सोडायची. आणि पुन्हा तळाशी पाणी. समुद्र दर वर्षी पुढे ढकलला जायचा. काठावर हॉटेलं उभी राहिली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आयटीतली पोरं शनिवारी येऊन आमच्याजवळ फोटो काढू लागली. कुणी विचारलं, "काका, ही चालते का?" तर दिगंबरराव दुसरीकडे बघायचे. घरी त्यांनी साधा पाटसुद्धा करायचं सोडलं.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. अंथरुणावरून ते बाईंना म्हणाले, "मोडून टाक ती. माझ्या हातची होडी गळते. उगाच कुणी बुडायला नको."

लाकूड-भंगार घेणारा कचरू होडी बघायला आला. बाईंनी होडीतच त्याच्यासाठी चहा टाकला आणि पाण्यासाठी माझं बटण लावलं. पाणी घेऊन नळ बंद केला. थोड्या वेळाने मी टकटक केली.

बाईंचा हात थांबला. "कचरू, नळ बंद आहे ना रे?"

"बंद हाय की बाई. जुनं यंत्र हाय, बडबडतंय."

"आमच्या फ्लशची टाकी गळत होती, तेव्हा घरचा पंप अस्साच बडबडायचा."

त्यांनी कचरूकडून मिठाचे पुडे आणवले आणि टाकीत रिकामे केले. तळ जुन्या लुगड्याने कोरडा पुसला. नळाला खारट पाणी येईपर्यंत ते सोडलं, मग नळ बंद केला. प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली. चहा निवून गेला. माझ्या मागची पट्टी ओली झाली. तळाशी जमलेल्या पाण्यात बाईंनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट!

त्या हसल्या. मग त्यांनी आधारासाठी तळाच्या तुळईवर हात टेकला आणि बोटं आत गेली, भिजल्या पावात जावीत तशी. वर्षानुवर्षं गोडं पाणी साचून आतलं लाकूड कुजलं होतं. बाई कचरूला म्हणाल्या, "ने तू होडी. पण हे घरी कळता कामा नये."

मला सांध्यासकट पिशवीत घालून त्यांनी घरी नेलं. औषधाच्या बाटलीत ते पाणीही घेतलं होतं. त्यातला एक थेंब त्यांनी दिगंबररावांच्या जिभेवर ठेवला.

"टाकीत मीठ घातलं होतं मी. तुमची फळी गळत नव्हती हो. नळी गळत होती, माझी."

त्यांचा चेहरा सैल झाला. किती तरी वेळ ते माझ्याकडे बघत होते. मग अडखळत म्हणाले, "आणि आतलं लाकूड?"

"दणदणीत आहे."

त्यांनी डोळे मिटले. जन्मभर लाकडात वावरलेला माणूस तो! "पद्मा, मीठ आधीच घालायला हवं होतं," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं."

बाईंनी त्यांचं तोंड पुसलं. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत, आणि त्या वर्षीच्या थंडीत दिगंबरराव गेले.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मला ना टाकी, ना तार. माझ्या सांध्यावर मीठ पांढरं होऊन सुकलं आहे. बाई सगळी खिडकी पुसतात, तेवढं सोडून.

मित्रांनो, सगळं बंद असताना तुमच्या घरात कुणी टकटक करत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याच्या डोक्यात बिघाड आहे असं म्हणू नका. बटण बंद करायला एक बोट पुरतं. फळी उचलायला वाकावं लागतं. वाका, आणि लाकूड घट्ट आहे तोवर वाका.