धाकटी रडते म्हणून

त्या सकाळी कोर्टात शिरतानाच विल्माचं डोकं तापलेलं होतं. मेसी आणि रेमी या दोन बहिणींची बाजू मांडायला कोर्टाने तिला नेमलं होतं. पगार नाही, मुलींना भेटायचं आणि दिसेल ते न्यायाधीशांना सांगायचं. आई नशेपायी तुरुंगात गेल्यावर बालकल्याण खात्याने मुलींना दोन वेगळ्या कुटुंबांत सांभाळायला दिलं होतं, डोंगराच्या दोन बाजूंना. दर शनिवारी त्यांची भेट ठरलेली. उन्हाळा सरल्यापासून एकही झाली नव्हती.

"भेटीनंतर धाकटी फार रडते," खात्याचा वकील प्रूइट म्हणाला. "तिला त्रास नको म्हणून भेटी थांबवल्या."

विल्मा ताडकन उठली. "बहिणीपासून ओढून नेल्यावर चार वर्षांचं पोर हसेल का हो?"

"मिसेस क्रचफील्ड, तुमची पाळी आल्यावर बोला," न्यायाधीश म्हणाले.

"पाळीची वाट बघता बघता बर्फ पडायला लागला, साहेब! खरं कारण विचारा यांना. पोरींना ने-आण करायला माणूस नाही. शेरॉन, तूच म्हणालीस ना?"

मुलींची जबाबदारी असलेली खात्यातली शेरॉन खाली बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "ने-आण करणाऱ्या दोघी नोकरी सोडून गेल्या. मी एकटी कुठे कुठे पुरू?"

"मग ते पोरीच्या रडण्यावर कशाला ढकललंत?" न्यायाधीश प्रूइटवर कडाडले. येत्या शनिवारपासून भेटी सुरू करा, असा हुकूम झाला. दोघींना एका घरी ठेवण्याचं मात्र नाताळानंतर बघू म्हणाले.

दुपारी विल्माने शाळेत जाऊन मेसीला हे सांगितलं. दहा वर्षांच्या मेसीने जेवणाचा ट्रे ढकलून दिला.

"म्हणजे एकत्र नाहीच."

"अजून नाही गं."

"तू म्हणालीस, मी सांगते त्यांना!"

"सांगितलं."

"मग नीट सांगायचंस ना!"

आपण कोर्टात किती भांडलो ते विल्माच्या ओठांवर आलं होतं, पण पोरीचं चुकत कुठे होतं? "पुढच्या वेळी तूच चल," ती म्हणाली.

"मी शिव्या देईन."

"दे."

जानेवारीत मेसी कोर्टात उभी राहिली. तिने शिव्या दिल्या नाहीत. प्रूइटकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "हा माझ्या बहिणीचं नाव घेऊन खोटं बोलला." तिला कुणी गप्प केलं नाही.

दोघींना एकत्र घेणारं घर अजून मिळालेलं नाही. विल्मा रोज सकाळी खात्यात फोन लावते. तिचा आवाज ऐकला की तिथली माणसं फोन एकमेकांकडे सरकवतात. ती फोन ठेवत नाही.