चौऱ्याऐंशी हजार तीनशे दहा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'चॅम्पियन' म्हणत. नव्यानं लागलेल्या माणसाला आधी वाटे, हा पूर्वी कुस्ती-बिस्ती खेळत असणार. मग त्याची नजर चॅम्पियनच्या पोटाकडे जाई आणि तो मनात म्हणे, कॅरम असेल. खरं कारण चॅम्पियन स्वतःच पहिल्या आठवड्यात सांगून टाकी. नवा माणूस लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरलेला असे, त्याला पळून जायला जागा नसे, आणि वरून हा टॉर्च धरून सुरू होई, "मी चौदा वर्षांचा असताना..."

गोष्ट अशी होती. शाळेमागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानाला लागून, एका अरुंद खोलीत कुणीतरी व्हिडिओ गेमची चार मशिन्स मांडली होती. त्यातलं एक विटांचं. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडत, त्या फिरवून खाली नीट बसवायच्या. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होई. भिंत छताला लागली की खेळ खलास. बाकीच्या पोरांची मजल तीस-पस्तीस हजारांपलीकडे जात नसे, आणि चॅम्पियनच्या नावावर होते चौऱ्याऐंशी हजार तीनशे दहा. मालकानं तो आकडा खडूनं भिंतीवर लिहून ठेवला होता. ती खोली बंद होऊन तिथं चपलांचं दुकान आलं, तोवर तो पुसायची वेळ कुणी आणली नाही.

एवढंच. पस्तीस वर्षं हा माणूस या एका आकड्यावर जगत होता.

बाकी आयुष्यात पहिला नंबर त्याच्या वाटेला कधी गेला नाही. शाळेत तो मधल्या बाकावरचा, नोकरीत मधल्या पगाराचा, लग्नाच्या फोटोतही फोटोग्राफरनं त्याला जरा बाजूला सरकवला होता. पण व्हिडिओ गेमनं त्याची साथ सोडली नाही. सातवीत गोवर आला तेव्हा मावसभावानं दिलेल्या, तळहाताएवढ्या खेळण्यात तो पडणारी अंडी टोपलीत झेलत बसला, आणि गोवर गेला तरी आठवडाभर गेला नाही असं सांगत राहिला. नोकरीच्या मुलाखतीत तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मित्राच्या कॉम्प्युटरवर त्यानं रेसची गाडी इतकी पळवली, की खऱ्या गाडीचं लायसन्स काढायला गेल्यावर परीक्षकानं त्याला मधेच उतरवून दिलं. मुलगी झाली तेव्हा हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मोबाईलवर साप लांब करत होता. नर्सनं तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो म्हणाला, "एक मिनिट, मरतोच आता." हे वाक्य त्याच्या बायकोनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलेलं आहे.

आणि अण्णा, म्हणजे त्याचे वडील, गेले तेव्हा महिनाभर तो संध्याकाळी कामावरून आला की न बोलता विटा लावत बसे. कुणाशी काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं, आणि विटा काही विचारत नव्हत्या. याची मात्र त्यानं कधी गोष्ट केली नाही.

या वर्षी त्याची ताई कामावर, बेकरीत पडली. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. केकवर क्रीमची फुलं काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. सांडलेल्या लोण्यावरून पाय घसरला, अंगाचा सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. ताई एकटीच राहायची, म्हणून चॅम्पियननं तिला आपल्या घरी आणलं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम सांगितले. स्पंजचा चेंडू दाबा, कपडे वाळत घालताना चिमटे उजव्या हातानं लावा. मग त्या म्हणाल्या, "घरात कुणाकडे व्हिडिओ गेम आहे का? बोटांना त्याच्याइतका चांगला व्यायाम नाही."

चॅम्पियन खुर्चीतून उठलाच. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेल्या माणसानं व्हिडिओ गेमबद्दलचं त्याचं मत जाहीरपणे उचलून धरलं होतं.

घरी येताच त्यानं टीव्हीला गेम जोडला. विटांचाच, जुनाच, फक्त रंग नवे. "हे बघ ताई," तो म्हणाला, "घाबरायचं नाही. पहिल्या दिवशी दोन हजार आले तरी पुष्कळ. मी आहे ना."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी चॅम्पियननं कुणालाच सांगितलेली नव्हती. ते चौऱ्याऐंशी हजार त्याचे नव्हते. ताईचे होते.

परीक्षेचे दिवस होते. दुपारी मशिनच्या खोलीत हा एकटा खेळत होता आणि मालक खुर्चीत घोरत होता. अण्णांनी ताईला धाडलं, "त्याला कान धरून घेऊन ये." ताई आली तेव्हा ह्याचा खेळ नुकताच सुरू झालेला, आणि ह्याला लघवीला इतकी लागलेली की उभं राहवेना. "ताई, एवढा दांडा धर, मी आलोच," म्हणून तो पळाला. परत आला तर ताई विटा लावतेय. लावतेच आहे. तिनं जन्मात कधी त्या मशिनला हात लावला नव्हता. पाऊण तास तो तिच्यामागे तोंड वासून उभा राहिला. शेवटी मशिननं विजेत्याची तीन अक्षरं मागितली. ताईनं विचारलं, "आता काय करायचं?" तो म्हणाला, "सरक," आणि स्वतःची अक्षरं टाकली. मग मालकाला हलवून जागं केलं आणि म्हणाला, "काका, बघा!"

खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सांगू, असं ठरवलं होतं. संध्याकाळी चार पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावर बसून खरं बोलणं त्याला जमलं नाही. त्यानंतर ते कधीच जमलं नाही.

तर ताई खेळायला बसली. पहिल्या दिवशी तिचा अंगठा वळत नव्हता, तरी नऊ हजार झाले. चॅम्पियनला घाम फुटला. दुसऱ्या आठवड्यात चाळीस हजार. आता तर तो स्वतः जपूनच खेळायचा, म्हणजे ताई घरात नसताना. त्याचे अठ्ठावीस हजार होत. कधी चुकून तीस झाले, तर तो दोन दिवस खुशीत असे.

एक दिवस त्याची मुलगी म्हणाली, "आत्या, तू बाबाचा रेकॉर्ड मोडणार बघ!" ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि कुठलीही गोष्ट समारंभ केल्याशिवाय सोडायची नाही असा तिचा स्वभाव. तिनं रविवारची दुपार ठरवली. शेजारच्यांना बोलावलं. भिंतीवर कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तो आकडा लिहिला. चॅम्पियनची पाचावर धारण बसली. लाइट जावी म्हणून त्यानं मनातल्या मनात प्रार्थना केली. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो, लाइट गेली की लोक कसे अडकतात ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी केली.

लाइट गेली नाही. ताईनं पदर खोचला, बोटं मोडली आणि सुरुवात केली. पन्नास हजार. सत्तर हजार. शेजारचे काका चहाचा कप तोंडाजवळ नेऊन तसेच थांबले. ऐंशी. त्र्याऐंशी हजार नऊशे. मुलगी मोठ्यानं आकडे म्हणत होती. आणि तेवढ्यात ताईनं एक उभी वीट भलत्याच रांगेत टाकली. मग दुसरी तिच्यावर. पाच सेकंदांत भिंत वर चढली आणि खेळ संपला.

"आत्या! चारशे तर हवे होते फक्त!"

"हात भरून आला गं," ताई म्हणाली. "तुझ्या बाबाचा रेकॉर्ड मोडायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

सगळ्यांनी चॅम्पियनसाठी टाळ्या वाजवल्या. आणि चॅम्पियननं काय केलं? मान झुकवून टाळ्या घेतल्या. "प्रयत्न चांगला होता ताईचा," असंही वर म्हणाला. दोन समोसे खाल्ले. तिसरा उचलून परत ताटलीत ठेवला.

शेजारी गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. ताई कप विसळत होती.

"मुद्दाम हरलीस ना?"

"छे रे."

"ती उभी वीट. तसली चूक तू पहिल्या दिवशीही केली नव्हतीस."

ताईनं नळ बंद केला. "अरे, राहू दे की. तुझं एवढं एकच तर आहे."

ती हे मायेनं म्हणाली, आणि तेच त्याला झोंबलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ते माझं नाहीये," तो म्हणाला. "तुझंच आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. लघवीपासून. ताई ऐकत राहिली. मधेच तिनं भुवया वर केल्या.

"म्हणजे ते चौऱ्याऐंशी हजार मी केलेले?"

"तीनशे दहा."

"मला वाटलं, सगळ्यांचे तेवढे होतातच. तू सांगत सुटायचास तेव्हा वाटायचं, नंतर कधीतरी तुझेही झाले असतील." ती थांबली. "एक मिनिट. उशीर केला म्हणून अण्णांनी मला तासभर दाराबाहेर उभं केलं होतं, तो हाच दिवस?"

"हाच."

"आणि तू कुठं होतास?"

"मी... मागच्या दारानं आत गेलो होतो."

दारात आवाज झाला. मुलगी आणि बायको दोघी उभ्या होत्या. मुलगी हसता हसता जमिनीवरच बसली. बायको हसली नाही. ती म्हणाली, "अहो, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा दीड तास मला जे सांगितलंत, ते हेच?"

"हेच."

"आणि मला वाटलं होतं, काय जिद्दीचा माणूस आहे!" आता मात्र तिलाही हसू आवरेना.

ताई तेवढी हसली नाही. हात पुसून ती आपल्या खोलीत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मीठ दे. किल्ली कुठंय. तिसऱ्या दिवशी तो तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती स्पंजचा चेंडू दाबत होती.

"आकड्याचं मला काही नाही," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "तो तू घे हवा तर. पण मी बाहेर उन्हात उभी होते आणि तू आत जेवत होतास."

"हो."

"काय होतं जेवायला?"

"ताई..."

"सांग की. इतक्या वर्षांनी कळू दे तरी."

"भात. आणि तुझ्या वाटणीचं दही पण मी खाल्लं."

ताईनं चेंडू त्याच्या अंगावर फेकला. डाव्या हातानं नाही, उजव्या हातानं, आणि तो बरोबर कपाळावर बसला. त्याला इतका आनंद झाला, की तो "बघ, मनगट वळलं!" असं ओरडला. मग भानावर आला आणि म्हणाला, "चुकलं माझं, ताई." हे तीन शब्द त्यानं आधी कधी तिला म्हटले होते की नाही, ते त्याला आठवेना. बहुतेक नसावेत. तो दारातच खाली बसला, आणि ताई म्हणाली, "चेंडू दे इकडे. अजून पन्नास वेळा दाबायचाय."

कंपनीत जाऊन त्यानं सगळ्यांना खरं सांगितलं. त्यात त्याला वेगळीच शेखी मिरवायची होती, हे त्याला सांगता सांगताच कळलं. सुपरवायझरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "स्वतःचा रेकॉर्ड बहिणीला देऊन टाकायचा, एवढा मोठेपणा कोण दाखवतं आजकाल!" चॅम्पियननं परोपरीनं समजावलं की मोठेपणा नाही, ही चोरी होती. लोक अजूनच भारावले. शेवटी त्यानं नाद सोडला आणि पाना उचलला.

महिन्याभरात ताईचा हात पूर्ववत झाला. ती आपल्या घरी परत गेली, बेकरीत कामाला लागली. गेम तिनं पिशवीत घालून बरोबर नेला. "फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय," म्हणाली. बाईंनी तसं काही सांगितलं नव्हतं.

आता दर रविवारी चॅम्पियन तिच्याकडे जातो. ती खेळते आणि हा सोफ्याच्या कडेला बसून आपल्या पाळीची वाट बघतो. वाट फार बघावी लागते. मुद्दाम हरायचं तिनं सोडून दिलंय. त्याची पाळी आली की ती मागे उभी राहून सांगते, "इथं नको. अरे, इथं नको म्हटलं ना!" आणि तो नेमकी तिथंच टाकतो.

मागच्या रविवारी घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "किती झाले, बाबा?"

"सव्वीस हजार."

"आणि आत्याचे?"

"तिलाच विचार फोन करून," चॅम्पियन चपला काढत म्हणाला. "ती अजून खेळतेय."