छपराखालची चंद्रकोर

हॅडली गावच्या वाचनालयात प्रेमाच्या कादंबऱ्या खिडकीखालच्या दोन फळ्यांवर होत्या, आणि सगळ्यांची मुखपृष्ठं सारखीच. मागे डोंगर, पुढे घोडा, घोडागाडीजवळ मोकळ्या केसांची बाई आणि शर्टाची बटणं कुठेतरी हरवून आलेला पुरुष. घरी नेऊन तीस पानं वाचल्यावर लक्षात यायचं, की हे आपण दोन वर्षांपूर्वीच वाचलंय. म्हणून गावातल्या बायकांनी एक रीत पाडली होती. पुस्तक संपलं की सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने आपली खूण करायची. कुणाचं फूल, कुणाची आद्याक्षरं. पुस्तकं परत घेताना ग्रंथपालबाई ते पान कधी उघडत नसत.

आर्डिथची खूण त्रिकोणाची. लग्न होऊन ती नेब्रास्कातल्या या वाळूच्या टेकड्यांत आली, तेव्हा शेजारचा गुरांचा वाडा अकरा मैलांवर होता. चौतीस वर्षं झाली, तो काही जवळ आला नाही. नवरा डेल स्वभावाने वाईट नव्हता, बोलत नसे एवढंच. फाटक लावलंस का, गुरांच्या डॉक्टरचा फोन आला का, याच्या पलीकडे त्याने तिला फारसं काही विचारलं नव्हतं. कादंबरीतला पुरुष मात्र हिमवादळातून आला तरी घोड्यावरून उतरता उतरता आधी विचारायचा, "तुझे हात इतके का फुटलेत?"

पुढे चुंबनं वगैरे असत, ती आर्डिथ भराभर उलटायची. ती थांबायची त्या प्रश्नापाशी. दीडशे वर्षांपूर्वी याच वाऱ्यात, मातीच्या घरात राहणाऱ्या बाईचे हात कुणीतरी पाहिले, हे खोटं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी ती दर गुरुवारी तीन पुस्तकं घेऊन जायची.

आणि त्या पुस्तकांत तिला एक मैत्रीण मिळाली होती.

सत्तेचाळिसाव्या पानावर बहुतेक वेळा तिच्या आधीच एक खूण असे. दोन तिरप्या रेघांचं छप्पर आणि त्याखाली चंद्रकोर. ही बाई कोण, कुणास ठाऊक. पण ज्यांत ती खूण असे ती पुस्तकं चांगली निघत. कधी मजकुराच्या कडेला बारीक रेघ असे, तीही नेमकी हातांच्या ओळीशेजारी. आर्डिथ आपला त्रिकोण चंद्रकोरीला खेटून काढायची, चर्चमध्ये ओळखीच्या बाईशेजारी जाऊन बसावं तसा. भांडी घासताना ती मनातल्या मनात तिच्याशी बोलायची. विषय बहुधा सासूच असे.

सासू, अल्व्हिना, अंगणापलीकडच्या लहान घरात राहायची. दर सोमवारी ती गोधड्या शिवायच्या मंडळाला गावात जायची. आर्डिथच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. वासरांना मालकीचा डाग द्यायचा दिवस होता. आजूबाजूची माणसं मदतीला आली होती आणि दुपारी वीस जण जेवायला बसले होते. अल्व्हिनाने सुनेच्या उशीजवळचं पुस्तक आणलं आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली.

"आमची सून काय वाचते ते ऐका जरा," ती म्हणाली. नको ते पान शोधायला तिला क्षणही लागला नाही. तिने ते सावकाश, शब्द तोडून तोडून वाचलं. पुरुष पोट धरून हसले. सासऱ्याने टेबलावर थाप मारली. डेल ताटात पाहून हसला. वाचून झाल्यावर अल्व्हिनाने चुलीचं झाकण उचललं आणि पुस्तक आत टाकलं. गुरांच्या पाण्याच्या टाकीत पडलं, असं आर्डिथने वाचनालयात सांगितलं. शेजारचा व्हर्जिल पुढे कित्येक वर्षं तिला त्या पुस्तकातल्या नायिकेच्या नावाने भर रस्त्यात हाक मारायचा, "काय मिस अरबेला, घोडा आला का दारात?"

त्या दुपारची हकिगत तिने एकट्या चंद्रकोरीला सांगितली होती.

गेली दोन वर्षं नव्या पुस्तकांत ती खूण दिसेनाशी झाली. बाई वारली असावी असं समजून आर्डिथ हळहळली. याच सुमारास अल्व्हिनाचे डोळे गेले. या एप्रिलमध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, तिला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिचं कोठार आवरताना आर्डिथला गोणपाटात गुंडाळलेला डाग द्यायचा लोखंडी शिक्का सापडला. तिने टोक पुसलं. छप्पर, आणि खाली चंद्रकोर.

"हा कुणाचा?" तिने डेलला विचारलं.

"आईच्या माहेरचा. आजोबांनी गुरं विकली आणि डाग बंद पडला. आईने हा तेवढा ठेवला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

गुरुवारी वाचनालयातून तिने एक जुनं, दोन्ही खुणांचं पुस्तक घेतलं आणि वृद्धाश्रमात गेली. अल्व्हिना खिडकीशी बसली होती. आर्डिथने शिक्का तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीची बोटं टोकापर्यंत गेली आणि थांबली.

"कुठून काढलंस हे?"

"कोठारातून. मी मात्र सत्तेचाळिसाव्या पानावरून ओळखलं, आई."

अल्व्हिनाने लोखंडी चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "त्रिकोण तुझा. लोणच्याच्या बाटल्यांवर तसाच काढतेस. एक बाजू लांब."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग त्या दिवशी, वीस माणसांसमोर..."

"त्या आठवड्यात डेलच्या बापाला माझ्या गादीखाली एक सापडलं होतं. मी म्हटलं, सुनेचं आहे, तिच्याकडून काढून घेतलंय. त्याला ते खरं वाटायला नको?"

"म्हणून माझं नाव घेतलंत."

"मग काय, माझं घ्यायचं? त्याचा हात तुला ठाऊक नाही. तुला हसले, एवढंच ना. तू तरुण होतीस. सोसलंस."

"त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली."

"तोवर सवय झाली होती गं."

आर्डिथ खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिला आता एकच विचारायचं होतं, आणि वाटेवर गाडीत तिने ते दोनदा म्हणून पाहिलं होतं. "कडेला रेघ असायची, हातांच्या ओळीपाशी. ती माझ्यासाठी होती का?"

"माझ्यासाठी होती," अल्व्हिना म्हणाली. "पुन्हा चटकन सापडावी म्हणून." मग मान वळवून म्हणाली, "पुस्तक आणलंयस ना? वास आला मला. वाच थोडं. इथली पोरगी बायबल वाचते, तेही अडखळत."

आर्डिथने वाचायला घेतलं. वादळ आलं, दाराशी घोडा थांबला, तो खाली उतरला. तिथे तिने पुस्तक मिटलं.

"पुढे?"

"पुढचं तुम्हाला पाठ आहे."

लोखंडावर टेकलेले अल्व्हिनाचे हात कोरडे पडून फुटले होते, अंगठ्याजवळ चीर लाल दिसत होती. आर्डिथने ते पाहिलं. विचारलं नाही. कोट घालून ती बाहेर पडली.

तिथून ती सरळ वाचनालयात गेली आणि पुस्तक परत केलं.

"इतक्यात?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बरं नव्हतं का?"

"वाचलेलंच निघालं," आर्डिथ म्हणाली. खिडकीखालच्या फळ्यांकडे ती वळली नाही.