वरच्या तक्त्याची खूण

तार आली तेव्हा गावंड्यांच्या घरी बारशाची तयारी चालली होती. दिग्रसच्या पोस्टातल्या तारवाल्यानं सायकल फाटकाला टेकवली आणि अंगणातल्या बायांचं बोलणं एकदम थांबलं. एकोणीसशे अडुसष्टचा तो हिवाळा. तेव्हा घरी तार यायची ती बहुतेक कोणी गेल्याचीच. बाळंतपणाला माहेरी आलेल्या थोरल्या इंदुताईनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. किसनरावांनी सही केली आणि तार न उघडताच धाकट्या मुलीच्या, कौसल्येच्या हातात दिली. ती तिच्याच नावाची होती.

"कोनाचं काही बरंवाईट झालं काय, बाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. ऑफिसचं हाय," ती म्हणाली. बाया हुश्श करून पुन्हा कामाला लागल्या. कौसल्येनं मात्र तार पुन्हा एकदा वाचली.

नागपूरला गणितात एम.एस्सी. होऊन ती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत लागली होती. तिथं काही मंडळी स्वतःचा संगणक बांधत होती. एकाच वेळी अनेकांची कामं त्यावर चालावीत म्हणून जो मुख्य प्रोग्राम लागतो, तो लिहिणाऱ्यांत ती होती. बारशासाठी रजा काढून ती दिग्रसला आली होती.

तार पाठवली होती सेवादास राठोडनं. सेवादास पुसदकडच्या एका तांड्यावरचा. संस्थेत मेमरीचे बोर्ड जोडायचा आणि अजून कायम झाला नव्हता. मुंबईत तिच्याशी वऱ्हाडीत बोलणारा तो एकटाच. त्यानं कळवलं होतं की दोघांची कामं लावली तर यंत्र चालतं, तिसऱ्याचं लावलं की पडतं. साहेबांच्या मते दोष मेमरीत आहे. उद्या सगळे बोर्ड उचकटणार आहेत, आणि मला सोमवारपासून येऊ नको म्हणाले.

कौसल्या चुलीपाशी जाऊन बसली. घुगऱ्यांचं भांडं हलवण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं, म्हणजे कोणी बोलायला येणार नाही. खरं सांगायचं तर तार वाचल्यावर पहिल्यांदा तिला बरंच वाटलं होतं. दोष मेमरीत असेल तर तो तिच्या कामात नव्हता. असेल सेवादासचा एखादा जोड कच्चा, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. कारण तारेतली 'तिसऱ्याचं लावलं की' ही गोष्ट तिला सोडत नव्हती. बोर्ड कच्चा असता तर यंत्र केव्हाही पडलं असतं. त्याला दुसरं काय आणि तिसरं काय?

तिचं काम होतं पानं शोधून देण्याचं. यंत्राची मेमरी लहान आणि लोकांची कामं मोठी, म्हणून प्रत्येकाच्या कामाची सारख्या आकाराची पानं पाडलेली असत. लागतील तेवढी पानं मेमरीत आणि उरलेली बाहेर फिरणाऱ्या, माहिती साठवणाऱ्या चुंबकीय ड्रमवर. कुठलं पान कुठं आहे ते एका तक्त्यात मांडलेलं असे. हा तक्ताच इतका मोठा झाला की त्याचीही पानं पाडावी लागली, आणि त्या खालच्या तक्त्यांचा पत्ता सांगणारा एक वरचा तक्ता करावा लागला. आधी वरच्या तक्त्यात पाहायचं, तो सांगेल त्या खालच्या तक्त्याकडे जायचं, आणि तिथून पानाकडे. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण असे: ही गोष्ट मेमरीत आहे की ड्रमवर गेली आहे. एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरत जाणारा हा सगळा भाग कौसल्येनं लिहिला होता.

कागद मुंबईला राहिले होते. ती डोळे मिटून एकेक पायरी आठवू लागली. दोघांची कामं असली तर सगळे तक्ते मेमरीत मावतात. तिसरा आला की जागा अपुरी पडते, आणि वापरात नसलेली पानं प्रोग्राम ड्रमवर धाडायला लागतो. त्या पानांत खालचा तक्तादेखील जाऊ शकतो. मग वरच्या तक्त्यातली खूण बदलते.

ती खूण आपण पाहतो का?

तिनं पुन्हा पहिल्यापासून आठवलं. पानापुढची खूण ती पाहत होती. खालच्या तक्त्यापुढची पाहत नव्हती. तक्ता कायम मेमरीतच असणार असं धरून ती थेट त्या जागी जात होती. तिथं आता दुसऱ्याच कोणाचे आकडे असणार. तेच आकडे पत्ता समजून यंत्र भलत्याच ठिकाणी लिहीत सुटणार, आणि कोणाचंही काम पुसून टाकणार.

घुगऱ्या करपल्याचा वास आला तेव्हा इंदुताईनं तिच्या हातातून उलथनं काढून घेतलं.

कौसल्येनं वडलांना बाजूला बोलावून सांगितलं की यंत्र बंद पडलंय, दुसऱ्यावर आळ आलाय, आणि चूक बहुतेक आपली आहे.

"बहुतेक?"

"कागद नाहीत जवळ. मुंबईले फोन करा लागते, बाबा."

"नोकरी जाईल काय?"

"काय माहीत."

किसनरावांनी टोपी घातली आणि ते तिच्यासोबत निघाले. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्या कडेकडेनं दोघं पोस्टात पोचली. तिनं अर्जंट ट्रंककॉल लावला. कॉल आधी यवतमाळ, मग नागपूर, मग मुंबई असा जाणार होता, आणि प्रत्येक ठिकाणी लाइन मिळाली तरच पुढे. नागपूर लागत नव्हतं. बाकावर बसून ती मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवत राहिली. मध्येच तिला वाटे, आपलंच आठवणं चुकत असलं तर? ती खूण आपण पाहिलेली असली, आणि दोष खरंच बोर्डात असला तर? मग आपली शोभा होईल आणि सेवादासलाही त्याचा काही उपयोग नाही. पोस्ट बंद व्हायची वेळ जवळ येत होती. किसनरावांनी बाहेरून पाणी आणून दिलं.

शेवटी घंटी वाजली. साहेबांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

"सर, बोर्ड काढू नका. चूक माझ्या भागात आहे," ती ओरडूनच बोलली. "वरच्या तक्त्यातली खूण मी तपासतच नाही. खालचा तक्ता ड्रमवर गेला असला तरी मी तिथं जाते."

पलीकडे खरखर झाली. मग साहेबांनी विचारलं, "गावंडे, तुम्ही हे कागदावर पाहिलंय?"

"नाही, सर. पण मी काय लिहिलंय ते मला पाठ आहे."

मग तिनं दुरुस्ती सांगायला घेतली. आधी खूण पाहायची, तक्ता नसेल तर ड्रमवरून आणायचा, मगच उतरायचं. हे सांगता सांगता लाइन तुटली. त्यांनी कुठवर ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. दुसरा कॉल आता उद्याच, असं पोस्टातला बाबू म्हणाला. तिनं तीच दुरुस्ती तारेनं पाठवली.

रात्री तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बारशाला बाया गाणी म्हणत होत्या, आणि कौसल्या बाळाला हातात घेऊन फाटकाकडे पाहत बसली होती. कोणीतरी म्हणालं, मुंबईनं पोरगी पार सुकवली. बाळाच्या कानात नाव सांगून झालं, पाहुण्यांची पंगत उठली, तेव्हा कुठे सायकल दिसली. तारेत एवढंच होतं: तिघांची कामं चालू आहेत, ताबडतोब या.

तिनं तार वाचली, बाळ इंदुताईकडे दिलं आणि न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडली.

मुंबईला साहेब तिला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त तक्त्यांचं काम त्यांनी दुसऱ्याकडे दिलं आणि तिला छपाईचा भाग लिहायला बसवलं. ते तिला बरेच महिने लागून राहिलं. सेवादास मात्र कामावर राहिला आणि उन्हाळ्यात कायम झाला.

त्याच उन्हाळ्यात दोघं गावी निघाली होती. यवतमाळहून पुसदच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. सेवादास शेजारच्या बाकावर होता. आर्णी मागे पडल्यावर तो तिच्याकडे वळला.

"काहून सांगतलं तुमी, ताई?" तो एकाएकी म्हणाला. "मी गेलो असतो त चूक तुमची हाय हे कोनाले कळलंही नसतं."

"बोर्ड काढून पुन्हा लावले असते तरी तिसऱ्याले पडलंच असतं," ती म्हणाली. "मंग माह्यावरच आलं असतं."

त्यानं मान हलवली. मग खाली पाहत हळूच सांगितलं, की त्या दिवशी सकाळी आपण बोर्ड तपासले तेव्हा एक जोड खरंच कच्चा निघाला होता. त्यानं गुपचूप कथलाचा डाग देऊन तो पक्का केला. यंत्र तरीही पडलं, म्हणून तार केली.

"आनखी कोनाले माहीत हाय?" तिनं विचारलं.

"तुमालेच."

कौसल्येला रागवावं असंही वाटलं आणि हसूही येत होतं. तेवढ्यात दिग्रसचा स्टँड आला. सेवादासनं उठून तिची पेटी खाली काढून दिली. घरी तब्येत सांभाळा म्हणाला, ती उतरली आणि गाडी पुसदकडे निघून गेली.