कापूसरावांच्या केसांखाली

मी एक जुना पोलादी कंगवा आहे. माझे दात लांब आणि विरळ आहेत, त्यातला एक वाकडा. मित्रांनो, तुमच्या डोक्यासाठी मी नाही. दाट केसांच्या कुत्र्यांसाठी माझा जन्म झाला. कारखान्यात तापलो, घासला गेलो आणि या दुकानातल्या काकूंच्या हाती आलो. काकू कुत्र्यांना आंघोळ घालतात, विंचरतात, त्यांची नखं कापतात.

माझा स्वभाव मुळातच भोचक. वरचे लांब, राठ केस दिसले की खाली काय दडलंय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. खाली मऊ लोकर असते. थंडी सरली की ती सुटते आणि वरच्या केसांत अडकून बसते. तिथे मला कुसळं सापडली, च्युइंगम सापडलं, एकदा तर कुणाचं तरी कानातलं! काकूंनी तेव्हा माझं कोण कौतुक केलं होतं. पुढे वाऱ्याचं यंत्र आलं, गुबगुबीत ब्रश आले आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे मी पडून पडून अगदी कंटाळलो.

एके दिवशी बाहेरून एका कुत्र्याच्या मालकांचा बसलेला आवाज आला. "कापूसरावांना नीट विंचरा. उद्या दुसऱ्या घरी द्यायचंय त्याला."

"अहो, का? तुमचा तर जीव की प्राण!"

"परवा त्याच्या मांडीला हात लावला तर अंगावर आला. लेक तान्ह्या बाळाला घेऊन येतेय. कसा ठेवू घरात?"

ब्रश सरसर फिरला. मागच्या मांडीशी पोहोचताच कापूसराव गुरगुरले. काकू थबकल्या आणि त्यांनी खण उघडून मला बाहेर काढलं. मी उत्सुकतेने केसांत शिरलो आणि अडकलोच. लोकरीचा घट्ट गोळा कातडीला चिकटला होता. पाऊल टाकलं की कातडी ओढली जायची. खाली सगळं लालेलाल झालं होतं. मला फार वाईट वाटलं.

"पण मी रोज ब्रश करतो! दर रविवारी आंघोळ घालतो!" मालक म्हणाले.

"आतला गुंता तसाच ठेवून पाणी घातलं की तो आणखी आवळतो, भाऊ. गेल्या खेपेला मीही ब्रशवरच भागवलं. चुकलंच माझं."

मालकांनी कापूसरावांचं डोकं कुशीत धरलं. कातडीला ओढ बसू नये म्हणून काकूंनी गुंत्याचं मूळ चिमटीत पकडलं आणि टोकाकडून मला हळूहळू चालवलं. कापूसराव थरथरले, पण दात काही दाखवले नाहीत. शेवटची लोकर सुटेपर्यंत दुपार सरली.

"आता लावा हात," काकू म्हणाल्या.

मालकांचा हात मांडीपाशी जाऊन थांबला. पुढे नेण्याचा धीर होईना. तेव्हा कापूसरावच मागे सरकले आणि त्यांनी आपली मांडी त्या हातावर टेकवली. मालक रडू लागले. कुणाच्या घरी जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मित्रांनो, काम झालं की माझे दात पुसून मला कोरडं ठेवा, एवढं माझ्यासाठी करा. आणि एखादा मुका जीव तुमच्यावर गुरगुरला, तर त्याला घराबाहेर काढण्याआधी एकदा केस बाजूला सारून बघा.